रँचवरचे ट्राउटचे पाणी : जमीन पाहण्यापासून पहिला गळ टाकण्यापर्यंतचा क्रम

डोंगरातल्या एखाद्या गावाजवळ रँच, म्हणजे गुरे पाळायची मोठी जमीन घ्यावी, तिच्यातून ओढा वाहत असावा, जमल्यास एक तळे असावे आणि त्यात गळ टाकण्याजोगे ट्राउट असावेत, अशी इच्छा धरणारे बहुतेक लोक कामाला माशांपासूनच सुरुवात करतात. जमिनीचा ताबा मिळतो, पहिल्याच वसंतात मत्स्यबीज केंद्रातून मासे येतात आणि उन्हाळा सरता सरता पाण्यावर पांढरी पोटे तरंगताना दिसतात. पुढच्या वर्षी दुसऱ्या केंद्रातून मासे आणले जातात आणि तोच प्रकार पुन्हा घडतो. मासे वाईट होते असा निष्कर्ष काढला जातो. वर्षातल्या सर्वांत कठीण आठवड्यात ते पाणी कसे असते, हे मात्र कोणी मोजलेले नसते.

या लेखातले टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत. माशांची निवड पाचव्या टप्प्यावर येते आणि मासे प्रत्यक्ष पाण्यात सहाव्या टप्प्यावर उतरतात. जमिनीचा ताबा मिळाल्यापासून तिथवर पोहोचायला एक पूर्ण वर्ष लागते, कधी दोनही लागतात. हा वेळ वाचवण्याचा प्रयत्न हीच मला वारंवार दिसणारी पहिली चूक आहे.

## टप्पा १ : सर्वांत वाईट आठवड्यात पाणी मोजणे

विक्रीची जमीन सहसा बर्फ वितळण्याच्या दिवसांत दाखवली जाते. त्या वेळी ओढा दुथडी भरून वाहत असतो, गवत हिरवेगार असते आणि पाण्यात हात घातला तर बोटे बधिर होतात. त्या भेटीवरून काहीही ठरवू नये. खरेदीचा शब्द देण्यापूर्वी उन्हाळ्याच्या अखेरीस, पाणी सर्वांत कमी आणि सर्वांत उबदार असताना, दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान तीच जागा पुन्हा पाहावी. शक्य असेल तर कडाक्याच्या हिवाळ्यातही एक फेरी मारावी, कारण काही ओढे तळापर्यंत गोठतात आणि ही गोष्ट नकाशावर दिसत नाही.

तापमान एकदा मोजून भागत नाही. दर तासाला नोंद ठेवणारे छोटे तापमान-नोंदक मिळतात. त्यांतला एक ओढा आपल्या हद्दीत शिरतो तिथे आणि दुसरा तो हद्दीबाहेर पडतो तिथे, दगडाच्या सावलीत, वाहत्या पाण्यात, तारेने पक्का बांधून ठेवावा. उघड्या उन्हात ठेवलेला नोंदक पाण्याऐवजी उन्हाचेच तापमान सांगतो. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की बरेच उलगडते. पाणी दुपारी १४ अंश सेल्सिअसला आत येत असेल आणि १९ अंशांना बाहेर जात असेल, तर ती पाच अंशांची उष्णता याच जमिनीवर मिळते आहे, आणि तिसऱ्या टप्प्यातल्या कामांनी ती बरीच कमी करता येते. पाणी हद्दीत शिरतानाच २१ अंशांचे असेल, तर दोष वरच्या अंगाला आहे आणि त्यावर आपला इलाज चालत नाही.

आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. ट्राउट साधारण १० ते १६ अंशांत चांगले खातात आणि वाढतात. १८ अंशांच्या पुढे त्यांच्यावर ताण येऊ लागतो, २० अंशांच्या वर ते खाणे सोडून थंड पाण्याच्या शोधात फिरतात, आणि २५ अंशांच्या आसपास टिकून राहिलेले पाणी रेनबो ट्राउटलाही मारते. रेनबो, ब्राउन आणि ब्रुक या ट्राउटच्या तीन जातींपैकी ब्रुक ट्राउट तर सर्वांत नाजूक असतो.

उष्णतेच्या जोडीला ऑक्सिजनचा प्रश्न येतो, आणि उंचावर तो अधिक बिकट होतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. हवेचा दाब कमी असल्यामुळे २,५०० मीटर उंचीवर तेच पाणी जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम धरते. ट्राउटला निदान ६ मिलिग्रॅम हवे असतात आणि ५ च्या खाली त्याची तगमग सुरू होते. म्हणजे उंचावरच्या कोमट पाण्यात हाताशी शिल्लक अशी काही उरतच नाही. थोडे शेवाळ कुजले तरी पातळी धोक्याच्या रेषेखाली जाते. ऑक्सिजन मोजायचा तो पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी, कारण रात्रभर वनस्पतीही ऑक्सिजन वापरत असतात आणि दिवसातला नीचांक त्याच वेळी येतो. दुपारी मोजलेला आकडा उगाच दिलासा देतो.

आता प्रवाह. झरा लहान असेल तर त्याचे सगळे पाणी एका नळीत घेऊन २० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते पाहावे. ८ सेकंद लागले, तर प्रवाह सेकंदाला अडीच लिटर, म्हणजे दिवसाला २१६ घनमीटर झाला. ओढा मोठा असेल तर सरळ आणि एकसारखा वाहणारा सहा मीटरचा भाग निवडावा, त्याची सरासरी रुंदी व खोली मोजावी आणि पाण्यात अर्धवट बुडणारी एखादी वस्तू सोडून वेळ घ्यावा. रुंदी १.८ मीटर, खोली ०.२५ मीटर आणि सहा मीटरला १५ सेकंद लागत असतील, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर येतो. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार करावा, आणि तळाजवळ पाणी हळू वाहत असल्याने त्याला ०.८५ ने पुन्हा गुणावे. उत्तर सेकंदाला साधारण १५० लिटर येईल. असे पाच वेळा करून सरासरी घ्यावी.

तपासा : उन्हाळ्याच्या अखेरीचे निदान तीन आठवड्यांचे तापमान, पहाटेचा ऑक्सिजन आणि त्याच दिवसांतला प्रवाह, हे तिन्ही आकडे वहीत लिहिलेले आहेत का? एक जरी नसेल तर दुसऱ्या टप्प्याकडे वळू नये.

## टप्पा २ : पाणी, तळ आणि काठ यांचे हक्क वेगवेगळे तपासणे

जमीन आपल्या नावावर झाली म्हणजे तिच्यातून वाहणारे पाणीही आपले झाले, ही समजूत महागात पडते. येथे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात आणि त्यांची उत्तरे लेखी घ्यावी लागतात.

पहिला प्रश्न पाणी वापरण्याचा. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत ज्याने आधी वापर सुरू केला त्याचा हक्क आधी, असे तत्त्व चालते. पाणी कमी पडले की जुन्या हक्कदाराचा वाटा आधी पुरा होतो आणि नव्या हक्कदाराचा पाट बंद होतो, आणि हे नेमके उन्हाळ्याच्या त्याच वाईट आठवड्यात घडते. म्हणून हक्क आहे की नाही एवढे विचारून थांबू नये. तो कोणत्या वर्षाचा आहे, किती प्रवाहाचा आहे आणि कोणत्या कामासाठी आहे, तेही पाहावे. गवताला पाणी देण्याचा हक्क तळे भरण्यासाठी चालेलच असे नाही, आणि तळ्यात पाणी साठवण्यासाठी व त्यातून होणाऱ्या बाष्पीभवनासाठी अनेक ठिकाणी वेगळी परवानगी लागते. इतरत्र काठावरच्या जमीनमालकाला पाण्याचा वाजवी वापर करता येतो, पण तिथेही ओढ्याचा प्रवाह वळवायला किंवा त्यात बांधकाम करायला मंजुरी लागते.

दुसरा प्रश्न लोकांच्या वावराचा. मोंटाना राज्यात नेहमीच्या उच्च पाणीपातळीच्या रेषेच्या आत राहून लोक खासगी जमिनीतून वाहणाऱ्या नद्यांत व ओढ्यांत मासेमारी करू शकतात. कोलोरॅडोत ओढ्याचा तळ जमीनमालकाचा असेल, तर परवानगीशिवाय त्यावर पाय ठेवणे अतिक्रमण ठरू शकते. शेजारशेजारच्या प्रदेशांत इतका फरक असतो, त्यामुळे ‘खासगी मासेमारी’ या जाहिरातीतल्या शब्दांचा नेमका अर्थ स्थानिक वकिलाकडून समजून घ्यावा.

तिसरा प्रश्न मासे सोडण्याचा. आपल्याच तळ्यात, आपल्याच पैशांनी मासे सोडायलाही बहुतेक ठिकाणी मत्स्य विभागाची परवानगी लागते, आणि तळ्याचे पाणी ओढ्याला मिळत असेल तर काही प्रजातींना ती मिळतच नाही.

सावध राहा : खरेदीखतातली हद्द आणि प्रत्यक्षातले कुंपण यांवर एकाच वेळी विसंबू नये. ओढा पात्र बदलतो, कुंपण मात्र जुन्याच जागी राहते. मोजणी करून खुणा पक्क्या करून घ्याव्यात, नाहीतर ज्या डोहासाठी जमीन घेतली तोच शेजाऱ्याचा निघतो.

## टप्पा ३ : तळ्याआधी ओढ्याचा काठ

तळे खोदण्याची घाई असते, आणि काठाचे काम कंटाळवाणे वाटते. तरीही ते आधी करावे, कारण काठावर लावलेल्या झाडांना सावली देण्याइतके वाढायला वर्षे लागतात आणि उघड्या काठाचा गाळ नव्या तळ्यात जाऊन बसतो.

सर्वांत आधी गुरे काठापासून दूर करावीत. गुरे रोज त्याच जागी पाण्यावर उतरली की काठ ढासळतो, ओढा रुंद आणि उथळ होतो आणि उथळ पाणी लवकर तापते. दोन्ही बाजूंना १० ते १५ मीटर सोडून कुंपण घालावे आणि गुरांसाठी काठापासून दूर टाकी किंवा हौद बांधावा. हौद बांधायच्या आधी कुंपण घातले, तर तहानलेली गुरे ते मोडतातच. एखाद्या ठिकाणी गुरांना ओढा ओलांडू द्यावाच लागत असेल, तर तेवढी जागा खडी टाकून घट्ट करावी आणि बाकीचा काठ बंद ठेवावा.

त्यानंतर लागवड. विलो आणि अल्डर यांच्या स्थानिक जाती ओलसर काठावर चांगल्या धरतात. विलोच्या झोपलेल्या, म्हणजे पाने नसलेल्या काळात कापलेल्या काड्या ओल्या मातीत खोल रोवल्या तरी फुटतात. मात्र काडीचे खालचे टोक उन्हाळ्यातल्या भूजलापर्यंत पोहोचले पाहिजे, नाहीतर ती वसंतात फुटून उन्हाळ्यात वाळते. ज्या काठावर दुपारचे ऊन पडते, तो काठ आधी लावावा.

रस्त्याखालच्या मोऱ्याही याच वेळी पाहाव्यात. मोरीच्या खालच्या तोंडाशी पाणी धबधब्यासारखे पडत असेल, तर मासे वर जाऊ शकत नाहीत आणि अंडी घालण्याची वरची जागा त्यांना बंद होते. अशा मोरीची दुरुस्ती नवे मासे विकत घेण्यापेक्षा जास्त फळ देते, असे माझे ठाम मत आहे. ओढ्यात पडलेली झाडे मात्र ‘साफसफाई’ म्हणून काढू नयेत. त्यांच्याखालीच डोह तयार होतो आणि मोठा ट्राउट तिथेच बसतो.

## टप्पा ४ : तळे, तेही पाण्याला पुरेल एवढेच

ज्याच्या ओढ्यात चांगले डोह आहेत त्याने तळ्याचा विचार सोडून दिला तरी चालेल. तळे करायचेच असेल, तर ओढ्यावर आडवा बांध घालून ते करू नये. अशा तळ्यात पुराचा सगळा गाळ येतो, साचलेले पाणी तापून खाली जाते, माशांची वाट अडते आणि एखाद्या मोठ्या पुरात बांधासकट सगळेच वाहून जाण्याची भीती राहते. तळे ओढ्याच्या बाजूला असावे, त्याला पाटाने किंवा नळाने पाणी द्यावे आणि तोंडाशी बंद करता येणारा दरवाजा बसवावा. पूर आला की दरवाजा खाली घ्यावा.

आकार ठरवताना पहिल्या टप्प्यातला आकडा पुन्हा काढावा. सेकंदाला अडीच लिटर देणारा झरा २,००० चौरस मीटरच्या, सरासरी दोन मीटर खोल तळ्यातले ४,००० घनमीटर पाणी साधारण साडेअठरा दिवसांत बदलतो. तोच झरा उन्हाळ्याच्या शेवटी सेकंदाला एका लिटरवर आला, तर तेच पाणी बदलायला ४६ दिवस लागतात. एवढे दिवस उन्हात राहिलेले पाणी झऱ्याचे उरत नाही, हवेचे होते. हेच तळे निम्म्या क्षेत्रफळाचे आणि तेवढ्याच खोलीचे केले, तर दिवस निम्मे होतात. म्हणून लहान आणि खोल तळे नेहमी बरे. हिवाळ्यात गोठणाऱ्या प्रदेशात निदान चौथाई क्षेत्र साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल असावे. काठ मात्र एक-दोन ठिकाणी सोडल्यास पटकन खोल होणारे असावेत. उथळ कडेला पाणगवत माजते आणि बगळ्यांना उभे राहायला आयती जागा मिळते.

बांधकामाचा क्रम असा ठेवावा.

१. आधी माती तपासावी. जागोजागी खड्डे घेऊन ओल्या मातीची वळी वळून पाहावी. वळी न तुटता लांबत असेल तर चिकणमाती पुरेशी आहे. वाळू किंवा खडी लागली, तर बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) किंवा अस्तर यांचा खर्च आधीच धरावा.

२. बांधाच्या बैठकीवरची गवताळ माती आणि मुळे पूर्ण काढावीत, खालच्या घट्ट थरापर्यंत चर खणावा आणि तो चिकणमातीने थराथराने दाबून भरावा. हा चर वगळला की पाणी बांधाच्या खालून वाट काढते.

३. माती पातळ थरांत, ओलसर असताना दाबावी. कोरड्या ढेकळांवर ढेकळे टाकून वरून एकदा रोलर फिरवणे म्हणजे दाबणे नव्हे. पाण्याकडच्या उताराची आडवी लांबी उंचीच्या तिप्पट ठेवली तर तो टिकतो.

४. बांधातून जाणाऱ्या नळाभोवती पाझर अडवणाऱ्या तबकड्या बसवाव्यात आणि तिथली माती हाताने ठोकावी. बरेच बांध नळाच्या कडेनेच फुटतात.

५. रोजचे पाणी नळाने जावे, पुराचे पाणी सांडव्याने. सांडवा बांधाच्या भरावात नसून शेजारच्या मूळ जमिनीत खोदलेला असावा.

६. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही तोंडांना माशांची जाळी बसवावी आणि ती रोज साफ करता येईल अशी ठेवावी. पानांनी तुंबलेल्या जाळीमुळे तळे एका रात्रीत काठावरून वाहू शकते.

तळ्यातले पाणी पुन्हा ओढ्याला जात असेल, तर ते उन्हाने तापलेल्या पृष्ठभागावरून सोडू नये. खोलवरून पाणी उचलणारा नळ बसवावा आणि बाहेर पडताना ते दगडांवरून पाडावे, म्हणजे थंडपणा टिकतो आणि हरवलेला ऑक्सिजनही परत मिळतो. झऱ्याचे पाणी तळ्यात घेतानाही ते दगडांवरून उड्या मारत आलेले चांगले, कारण जमिनीखालून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी असू शकतो आणि नायट्रोजन माशांना अपायकारक ठरेल इतका जास्त.

सावध राहा : बांधावर झाडे लावू नयेत. झाड मेले की कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाट होते.

तळे भरल्यावर एक उन्हाळा आणि शक्य तर एक हिवाळा ते रिकामे, म्हणजे माशांविना ठेवावे. या काळात गाळ बसतो, किडे येतात, पाझर कळतो. बांधाच्या पायथ्याशी ओल दिसली तर ती स्वच्छ आहे की गढूळ, हे बघावे. स्वच्छ पाझर नजरेखाली ठेवता येतो, गढूळ पाझर म्हणजे आतली माती वाहून चालली आहे आणि तळे ताबडतोब उतरवायला हवे.

## टप्पा ५ : कोणते मासे, किती आणि कुठून

ओढ्यात आधीपासून ट्राउट असतील तर बाहेरचे मासे आणूच नयेत. काठ सुधारला, सावली आली, अंडी घालायला स्वच्छ खडीचा तळ मिळाला की आहेत तेच मासे वाढतात. त्यात बाहेरचे मिसळल्याने नुकसानच होते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेत याची उदाहरणे सर्वांना माहीत आहेत: रेनबो ट्राउटचा स्थानिक कटथ्रोट ट्राउटशी संकर होतो आणि ब्रुक ट्राउट त्याची जागा बळकावतो.

बंदिस्त तळ्यासाठी रेनबो ट्राउट सर्वांत सोयीचा. तो गळाला चटकन लागतो आणि थोडी उष्णता सोसतो. ब्राउन ट्राउट सावध असतो, मोठा झाल्यावर इतर मासे खातो, आणि त्याला पकडायला कौशल्य लागते. रेनबो वसंतात आणि ब्राउन व ब्रुक शरदात अंडी घालतात, पण त्यासाठी खडीवरून वाहणारे पाणी लागत असल्यामुळे साध्या तळ्यात रेनबोची पैदास होईल अशी आशा धरू नये. दर काही वर्षांनी मासे आणावे लागतील हे धरूनच चालावे. पाणी कुठेही ओढ्याशी जोडलेले असेल, तर ट्रिप्लॉइड म्हणजे प्रजननक्षम नसलेले मासे मागावेत.

संख्येबाबत हात आखडता ठेवावा. खाद्य न देता राखायच्या तळ्यात मी पहिल्या वर्षी हेक्टरी दोन-तीनशेच्या वर जाणार नाही. माशांची भूक दिसली, वाढ चांगली झाली, तर पुढच्या वर्षी वाढवता येते. जास्त झालेले मासे परत काढता येत नाहीत. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, स्वस्त पडते, पण तळ्यात आधीच मोठे मासे असतील किंवा बगळे, खंड्या, पाणमांजर येत असतील, तर २० सेंटीमीटरच्या पुढचेच मासे घ्यावेत.

मत्स्यबीज केंद्राची निवड किमतीवरून करू नये. माशांच्या त्या गटाचे रोगमुक्त प्रमाणपत्र मागावे आणि तारीख वाचावी. भोवरी रोगाचा (इंग्रजीत ‘व्हर्लिंग डिसीज’) परजीवी तळातल्या ट्युबिफेक्स नावाच्या बारीक कृमीमार्फत पसरतो, छोट्या माशांचा कणा वाकडा करतो, आणि त्याचे बीजाणू चिखलात वर्षानुवर्षे तग धरतात. तो एकदा ओढ्यात शिरला की काढता येत नाही आणि खालच्या सगळ्या शेजाऱ्यांच्या पाण्यात जातो.

## टप्पा ६ : मासे सोडण्याचा दिवस

पाणी १० ते १३ अंशांच्या आसपास असेल असा वसंतातला किंवा शरदातला दिवस आणि सकाळची वेळ निवडावी. केंद्राला आधीच सांगून मासे एक-दोन दिवस उपाशी ठेवायला लावावेत, म्हणजे प्रवासात पाणी घाण होत नाही.

पिशव्या आल्या की लगेच उघडू नयेत. प्रथम पिशवीतल्या आणि तळ्यातल्या पाण्याचे तापमान मोजावे. दोन-तीन अंशांहून जास्त फरक असेल, तर बंद पिशवी सावलीत पाण्यावर पंधरा ते वीस मिनिटे तरंगत ठेवावी. मग तोंड उघडून तळ्याचे पाणी तांब्याने थोडे थोडे आत घालत जावे आणि पुन्हा तापमान पाहावे. फरक जवळजवळ मिटल्यावर पिशवी आडवी करून तोंड पाण्याखाली न्यावे आणि मासे आपणहून बाहेर पडू द्यावेत. वरून ओतू नयेत. निरोगी मासा क्षणभर पिशवीच्या तोंडाशी थांबतो, कल्ले दोन-तीनदा उघडझाप करतो आणि खोल पाण्याकडे सरळ निघून जातो. कडेलाच गोल गोल फिरणारे किंवा एका कुशीवर कलणारे मासे दिसले, तर पुढच्या पिशव्यांना अधिक वेळ द्यावा.

पिशवीतले पाणी तळ्यात सोडू नये. ते पाण्यापासून दूर, जमिनीत मुरेल अशा जागी ओतावे.

तपासा : पुढचे तीन दिवस सकाळी काठावरून फेरी मारून मेलेले मासे मोजून काढावेत. मोजके मासे प्रवासाने जातात. रोज आकडा वाढत असेल तर केंद्राला आणि पशुवैद्यकाला त्याच दिवशी कळवावे.

## टप्पा ७ : पहिले वर्ष सांभाळणे

खाद्य द्यायचे असेल तर पाच-दहा मिनिटांत संपेल तेवढेच द्यावे आणि पाणी २० अंशांवर गेले की पूर्ण बंद करावे. उरलेले खाद्य तळाशी कुजते, त्याने शेवाळ वाढते आणि शेवाळाने पहाटेचा ऑक्सिजन उतरतो. ही साखळी इतकी सरळ आहे, तरी माशांना ‘उपाशी कसे ठेवायचे’ या मायेपोटी ती दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे सुरू होते.

शेवाळ माजल्यावर मोरचूद टाकण्याचा सल्ला कोणीतरी देतोच. तो ऐकू नये. मोरचुदातले तांबे ट्राउटसाठी विषारी आहे, आणि डोंगरातल्या मृदू पाण्यात त्याचा प्रभाव अधिक तीव्र होतो. शिवाय सगळे शेवाळ एकदम मेले की ते कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही जातो. शेवाळ दाताळ्याने ओढून काढावे आणि ते काठापासून लांब टाकावे, नाहीतर पहिल्या पावसात त्याचे सत्त्व पुन्हा तळ्यात उतरते.

मासे पाणी आत येते त्या तोंडाशी गर्दी करून वर तोंडे काढताना दिसले, तर तो ऑक्सिजन संपत आल्याचा इशारा आहे. खाद्य बंद करावे, आत येणारे पाणी वाढवावे आणि हवा सोडणारे यंत्र लगेच चालू करावे.

हिवाळ्यात धोका बर्फाच्या थरापेक्षा त्यावर साचलेल्या हिमाचा अधिक असतो. हिमामुळे उजेड अडतो, वनस्पती ऑक्सिजन बनवणे थांबवतात आणि तळाची कुजण मात्र चालूच राहते. हवेच्या यंत्राने एक कोपरा उघडा ठेवावा, पण हवा सर्वांत खोल जागी सोडू नये. तिथले किंचित उबदार पाणी ढवळून वर आले तर सगळेच तळे गारठते. उथळ बाजूला हवा सोडावी. तिच्याभोवतीचा बर्फ पातळ असतो, म्हणून त्या भागाला दोर आणि फलक लावल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. यात हलगर्जीपणा झाला तर माणसाचा जीव जातो.

## टप्पा ८ : गळ टाकणे आणि न टाकणे

पहिल्या वर्षी मासेमारी थोडी ठेवावी. खासगी पाण्यात मासे दुसरीकडे जाऊ शकत नाहीत, त्यामुळे त्याच माशांना तोच गळ रोज दिसला की ते एकतर खाणे सोडतात किंवा जखमी होतात. एका डोहावर मासेमारी झाली की त्याला काही दिवस विश्रांती द्यावी. पाहुण्यांची संख्या, दिवस आणि घरी नेता येणारे मासे हे नियम लिहून फाटकाशी लावावेत, आणि प्रत्येकाचा परवाना विचारावा. खासगी जमिनीवरही अनेक ठिकाणी तो लागतो.

दुसऱ्या पाण्यातून आलेल्या कोणाचेही बूट, जाळे आणि कपडे स्वच्छ व पूर्ण कोरडे असल्याशिवाय त्याला पाण्यात उतरू देऊ नये. लोकरी नमद्याचे तळवे असलेले बूट तर नकोच. ते ओले राहतात आणि परजीवी, शैवाल, बारीक गोगलगायी असे बरेच काही बरोबर आणतात.

मासा परत सोडायचा असेल तर गळाच्या आकड्याचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवावा. मासा लवकर आणावा, रबरी जाळ्यात घ्यावा, हात ओले केल्याशिवाय त्याला शिवू नये आणि कल्ल्यांत बोट घालू नये. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. छायाचित्र काढायचे असल्यास कॅमेरा तयार होईपर्यंत मासा पाण्यातच असावा. बाहेर दहा सेकंद पुष्कळ झाले. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाकडे करून एक हात पोटाखाली आणि दुसरा शेपटीच्या देठाशी सैल धरावा. पुढे-मागे ढकलू नये. कल्ले संथपणे चालू लागतात, मग शेपटी तळहाताला एकदा जोरात ढकलते आणि मासा निघून जातो. त्या आधी हात सोडला तर तो दोन हात पुढे जाऊन उलटतो.

उन्हाळ्यात दररोज गळ टाकण्यापूर्वी पाण्याचे तापमान मोजावे. १८ अंशांच्या पुढे फक्त पहाटे आणि तीही खायच्या माशांपुरती मासेमारी करावी, कारण गरम पाण्यात सोडलेला मासा पोहत गेला तरी तासाभराने मरू शकतो. २० अंश दिसले की त्या दिवशी गळाच्या काठ्या घरातच ठेवाव्यात, पाहुणे कितीही लांबून आलेले असोत, आणि तो आकडा, वेळ व पाण्याची पातळी पहिल्या टप्प्यापासून चालू असलेल्या त्याच वहीत लिहावी.